पाहणारे दोन

आईचा फोन आला तेव्हा मी एका बटणाला नापास करत होते.

"वृंदे, झालं बाई एकदाचं! ह्यांनी दाबलं. फुडल्या बेस्तरवारी ऑपरेशन."

"काय दाबलं?"

"होकाराचं बटण गं. हास्पिटलनं पाठवलं होतं न्हवं टॅबवर."

"हिरवं, गोल?"

"हिरवं कुठलं? पिवळं होतं. लांबडं. वर हात जोडल्यालं चित्र."

माझ्या स्क्रीनवर ते बटण हिरवं आणि गोल होतं. आईला पिवळं आणि लांबडं दिसलं असेल तर तेही खरंच असणार, कारण ते तसं दिसावं म्हणूनच आमची कंपनी पगार देते.

पूर्वी बरं होतं. मुलगी शहरात बसून आईला फोनवर सांगायची, "खाली उजवीकडे निळा चौकोन आहे बघ, तो दाब." आई चार वेळा चुकीचं दाबायची, मुलगी चिडायची, पण काम व्हायचं. आता तसं सांगायची सोय राहिली नाही. माझ्या स्क्रीनवर जे आहे ते तुमच्या स्क्रीनवर नाही, आणि तुमच्या स्क्रीनवर काय आहे ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. या कारभारात माझाही हात आहे.

"दादांना दे फोन," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन देऊन उपयोग नसतो. पण आईनं दिला होता. दादांना ऐकू येत नाही, बोलता मात्र दणदणीत येतं.

"वृंदे!" ऑफिसातल्या दोन-तीन माना वर झाल्या. "ऑपरेशन झालं की बेसची मोठी पेटी दुरुस्तीला टाकायची! आत्ता निम्मं ऐकू येतंय, मग पुरतं येईल! पडदा फाटलाय तिचा, मिरजेला मिळतोय का बघ!"

फोन बंद झाला.

दादांना काहीच समजलेलं नव्हतं. ऑपरेशननं निम्म्याचं पुरतं होणार नव्हतं. जे निम्मं होतं ते कायमचं जाणार होतं.

*

माझे वडील दत्ताजी माळवदे. जयसिंगपुरात लग्न, जयंती, उरूस काही असो, माळवदे साऊंड सर्व्हिसच्या स्पीकर-पेट्या लागायच्या आणि पेट्यांच्या भिंतीशेजारी दादा उभे असायचे. त्या आवाजानंच त्यांचे कान खाल्ले. डाव्या कानाची नसच गेली. उजव्यात खालचे सूर तेवढे उरले. ढोल, ट्रकची घरघर, एखाद्या जाड आवाजाच्या माणसाचं बोलणं. माझा आवाज ऐकू येत नाही. आईचा तर मुळीच नाही, तरी ती सवयीनं ओरडतच असते.

ऑपरेशन त्या उजव्याच कानाचं होतं. कानाच्या आत शंखासारखी वळणावळणाची नळी असते, तिच्यात एक बारीक तार सोडायची. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं आणि तार थेट नसेला विजेचे ठोके देते. त्या ठोक्यांना बोलणं समजायला डोकं हळूहळू शिकतं. माणसाचं बोलणं छान कळतं म्हणतात. पण तार आत जाताना जुन्या, उरल्यासुरल्या पेशी मोडतात. दादांच्या कानात त्या तशाही थोड्याच होत्या, वाचणार नाहीत असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे आईचं बोलणं येणार आणि ढोल जाणार. यंत्रातून येईल तो ढोल पत्र्याच्या डब्यासारखा येईल.

होकाराच्या स्क्रीनवर हे सगळं होतं. ती स्क्रीन आमची होती. आणि तिला पास मी केलं होतं.

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात कंपोनंट बनतात. कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा एक सुटा तुकडा. बटण, तारखेची चौकट, फोटोची जागा. एकदा बनवायचा आणि शंभर ॲपमध्ये बसवायचा, एका मापाची कडी शंभर दारांना बसवतात तसा. पूर्वी हे तुकडे मुकाट असत. मग कॅमेरा डोळे वाचायला शिकला. नजर कुठल्या शब्दाला अडकते, कुठून मागे फिरते, कुठे नुसतीच घसरून जाते, हे त्याला कळायला लागलं, आणि तुकडा बघणाऱ्यागणिक स्वतःला बदलायला लागला. शब्दाला अडखळलात की तो सोपा शब्द आणतो. कंटाळलात की चित्र आणतो. होकाराचा तुकडा याच्याही पुढचा. त्यातलं बटण आधी बंदच असतं. माणसाला समजलं अशी नजरेवरून खात्री पटली की मगच ते उघडतं. हल्ली दवाखान्यांत कागदावरची सही कुणी विचारत नाही.

असा तुकडा तपासायचा कसा? बघणाराच नसेल तर तो काही दाखवतच नाही. म्हणून आम्ही डमी बघणारे बनवतो. खऱ्या माणसाच्या नजरेचं रेकॉर्डिंग घ्यायचं, त्यावरून एक नकली नजर तयार करायची. तुकडा ॲपमधून सोडवून एकटा ठेवायचा, त्याच्यासमोर ही नजर बसवायची, आणि जे दिसायला हवं तेच दिसतं का ते बघायचं. त्याला आम्ही अपेक्षित निकाल म्हणतो. जुळला की पास.

डमींना घरच्यांची नावं द्यायची आमच्याकडे पद्धतच पडली आहे. माझा टीम लीड इरफान मुजावर. त्याची अम्मी गेली दोन वर्षं रोज सकाळी सगळी बटणं तपासते. त्या अम्मीला आता ऑफिसात सगळे ओळखतात, खऱ्या अम्मीला कुणी बघितलेलं नाही. माझे डमी म्हणजे दादा. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी त्यांना टॅबसमोर बसवून रेकॉर्डिंग केलं होतं. आई सारखी मध्ये डोकावत होती, "त्यास्नी काय कळतंय त्यातलं, मी सांगते," म्हणत होती. मी तिला चकल्या तळायला आत पाठवलं होतं.

*

"तुझे दादा तर पास आहेत," इरफान म्हणाला. त्यानं माझ्यादेखत होकाराचा तुकडा पुन्हा चालवला. माझ्या डमी दादांनी एकेक ओळ वाचली, 'उरलेले ऐकणे जाईल' या ओळीवर ते अडकले, तुकड्यानं ती ओळ मोठी केली, एक कानाचं चित्र आणलं, दादांनी ते बघितलं आणि बटण उघडलं. निकाल पास. किती शहाणे, समजूतदार दादा होते ते.

"मग खऱ्यांना का नाही समजलं?"

"समजलं असेल. विसरले असतील."

"इरफान, ते पेटीचा पडदा बदलायला निघालेत."

त्यानं डोकं खाजवलं. तुकडा स्वतः काय दाखवलं ते साठवत नाही, फक्त समोरच्या नजरेची हालचाल साठवतो. ती नजर पुन्हा त्याला दिली तर त्यानं काय दाखवलं असेल ते कळायला हवं. मी मुलगी म्हणून परवानगीचे सगळे सोपस्कार केले, हॉस्पिटलकडून जयसिंगपूरच्या टॅबची नजर आली, ती आम्ही टेस्टमध्ये घातली.

पास.

पुन्हा चालवली. नापास.

पुन्हा. पास. त्यानंतर नापास, आणि मग एकदा तर तुकडा मध्येच थांबून राहिला.

अशा टेस्टला आम्ही लहरी टेस्ट म्हणतो. तेच सामान, तोच तुकडा आणि निकाल दर वेळी वेगळा. टेस्टरच्या नोकरीत याच्याइतकं डोकं फिरवणारं काही नसतं. नापास झालं तर निदान काय बिघडलं ते शोधता येतं. मी ते नजरेचं रेकॉर्डिंग वेगळं लावून हळू चालवलं आणि मग मला दिसलं.

नजरा दोन होत्या. चार डोळे. एक जोडी ओळीओळीवरून चालत होती, अडकत होती, मागे फिरत होती. दुसरी जोडी स्क्रीनवर यायची, लगेच डावीकडे जायची, पुन्हा यायची, पुन्हा डावीकडे. डावीकडे काय आहे ते कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी तो माणूस उठून गेला होता. कधी या जोडीची, कधी त्या जोडीची नजर धरून तुकडा आपला गोंधळत होता. शेवटी जी वाचत होती तिलाच त्यानं बघणारा मानलं, तिला समजलं म्हणून बटण उघडलं, आणि अंगठा मात्र दुसऱ्याचाच आला.

"आई बसली होती शेजारी," मी म्हणाले.

"दोघं?" इरफान खुर्चीतच मागे रेलला. "आपल्याकडे दोन बघणाऱ्यांची टेस्टच नाही."

नव्हतीच. आमच्या सगळ्या डमींना एकेक खुर्ची होती. आमच्या घरांत एकट्यानं कुणी कधी स्क्रीन बघितली आहे? लाइटबिल आलं तरी शेजारीण खांद्यावरून वाचते. आणि आम्ही सगळे, अशाच घरांतून आलेले, माणूस एकटाच बसतो असं धरून चाललो होतो.

*

शनिवारी जयसिंगपूरला गेले. दादा मागच्या शेडमध्ये होते. बेसच्या मोठ्या पेटीला पाठ लावून, उजवा कान लाकडाला टेकवून बसलेले. पेटीतून कुठल्यातरी जुन्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग चालू होतं. फाटक्या पडद्यामुळे सगळं फरफरत होतं. मला तिथे दोन मिनिटं उभं राहवेना. दादा डोळे मिटून पायानं ठेका धरत होते. त्यांना त्यातलं जे ऐकू येत होतं ते बहुतेक स्वच्छ असावं.

मी आईला आत गाठलं.

"तू वाचलंस ना सगळं? त्यांचं आत्ताचं ऐकणं जाणार, हे वाचलंस?"

"वाचलं की. मोठ्या अक्षरात होतं. चित्र बी आलं कानाचं."

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"आता मी काय सांगायचं?" आई भडकली. "त्यांच्या म्होरंच होती की स्क्रीन! त्यांनी बी वाचलं असंल असंच वाटलं मला. दाबलंच की त्यांनी!"

आमच्या घरी दादांशी बोलायला एक पाटी असते. शाळेची, लाकडी चौकटीची. स्क्रीनवर बोललेलं लिहून येतं खरं, पण पाटीवर मोजकंच लिहून भागतं म्हणून आईला पाटीच बरी वाटते. मी दादांना शेडमधून घरात आणलं आणि लिहिलं, 'बटण दाबण्याआधी काय वाचलंत?'

"मी कशाला वाचू?" दादा म्हणाले. "हिच्याकडं बघत हुतो. हिनं मान हलवली, मी दाबलं."

मी पुन्हा खडू उचलला. मग पाटी पुसून लिहिलं. लिहिताना खडू दोनदा मोडला. 'ऑपरेशननंतर आत्ता ऐकू येतं ते सगळं जाईल. ढोल पण. आईचं बोलणं येईल. मागे फिरता येणार नाही.'

दादांनी वाचलं. मग आईकडे बघितलं. आईनं मान हलवली नाही. ती खाली बघत होती.

"तुला म्हाईत हुतं?" त्यांनी तिला विचारलं.

आणि आई रडायला लागली. रागानं रडली. "किती वर्सं वरडायलीये मी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. "मीठ पायजे का तर वरडून. बरं वाटतंय का तर वरडून. एक गोष्ट हळू बोलाय येत न्हाई नवऱ्यासंगं. माझा मूळचा आवाज कसा हुता, मलाच आठवत न्हाई आता. मला वाटलं, ढोलापरीस मी..."

"काय म्हणती?" दादांनी मला विचारलं.

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. लिहावं की नको ते कळेना. लिहिलं तर ते तिच्यासाठी हो म्हणणार, आणि मग तो होकार कुणाचा? नाही लिहिलं तर मी त्या तुकड्यासारखंच अर्धं दाखवणार. शेवटी मी सगळं लिहिलं. पाटी पुरली नाही, मागच्या बाजूला लिहावं लागलं.

दादांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, पाटी कोनाड्यात ठेवली आणि शेडमध्ये निघून गेले. पेटीचा आवाज काही आला नाही. ते तिथं नुसतेच बसले होते.

*

सोमवारी मी चूक नोंदवली. दादांचा होकार रद्द झाला, ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. पण चूक दुरुस्त करायची म्हणजे दोन बघणाऱ्यांची टेस्ट लिहायची, आणि टेस्ट लिहायची म्हणजे अपेक्षित निकाल आधी ठरवायचा. त्यावर आमची जी जुंपली ती जेवणाच्या सुट्टीतही संपली नाही.

"दोघांपैकी एकाला समजलं की बस," एक जण म्हणाला.

"आमच्या घरी अम्मीला समजलं की सगळ्यांना समजलं," इरफान म्हणाला. "पण ते कायद्यात बसत नाही, यार."

शेवटी कायद्यात बसेल असंच ठरलं. ज्याचा कान त्याची नजर. दुसऱ्या कुणाची नजर मोजायची नाही. बाजूला बघितलं तर समजलं नाही असं धरायचं. मी टेस्ट लिहिली, तुकडा तसा बदलून घेतला, डमी दादांच्या शेजारी डमी आई बसवली, आणि या वेळी सगळं दर वेळी पास झालं. निर्दोष काम. तरी मला आतून काही बरं वाटत नव्हतं आणि का ते सांगताही येत नव्हतं.

त्यानंतर आईचा फोन आला. "यायचं म्हणतायत हास्पिटलात. होकार द्यायला का नकार द्यायला, ते काय बोलंनात. तू ये."

मिरजेच्या हॉस्पिटलात आम्हाला एका खोलीत बसवलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नर्सनं टॅब त्यांच्यासमोर स्टँडवर लावला. आई त्यांच्या डावीकडे बसली. मी मागे, भिंतीला टेकून. तुकडा सुरू झाला. दादांनी पहिली ओळ बघितली आणि आईकडे वळले.

बटण बंद. 'आपल्याला समजलेले दिसत नाही. कृपया पुन्हा वाचा.'

"आजोबा, स्क्रीनकडे बघा," नर्स म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं बोटानं दाखवलं. दादांनी स्क्रीनकडे बघितलं आणि पुन्हा आईकडे वळले.

'आपल्याला समजलेले दिसत नाही.'

असंच चाललं. नर्स वैतागली. "यांना समजतच नाहीये हो. मशीन तसंच दाखवतंय. मग मी पुढं कसं पाठवू?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की समजलंय, पाटीवर पुढून-मागून वाचलंय त्यांनी. पण ते मला तरी कुठे नक्की माहीत होतं? पाटी वाचून ते शेडमध्ये गेले होते, त्यानंतर एक शब्द बोलले नव्हते. मी नेमकी कशाची साक्ष देणार? माझ्याच दुरुस्तीनं त्यांचं तोंड बंद केलं होतं, आणि ती दुरुस्ती चूक होती असंही मला म्हणता येत नव्हतं.

आई उठली. तिनं स्टँडवरचा टॅब काढला, दादांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि टॅब दोन्ही हातांनी आपल्या हनुवटीखाली धरला. लग्नात अंतरपाट धरतात तसा, फक्त तिचं तोंड वर दिसत होतं.

"आता बघा काय बघायचं ते," ती म्हणाली.

दादा बघत राहिले. तिच्याकडे, की स्क्रीनकडे, मला भिंतीपाशी उभं राहून सांगता येत नव्हतं. तुकड्यालाही येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. चष्म्याच्या लोकांची नजर स्क्रीनच्या वरच्या कडेबाहेर घसरते म्हणून तेवढी नजर स्क्रीनवरचीच धरायची सूट मीच ठेवायला लावली होती. नर्सला हे माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. टेस्टर म्हणून तर हवंच होतं.

बटण उघडलं.

दादांनी लगेच दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. आईनं मान हलवली नाही, ती टॅब धरून ताठ उभी होती. मग दादांनी अंगठा पुढं केला आणि दाबलं. आणि माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"वृंदे, ती मोठी पेटी आता देऊन टाक कुणालातरी."

बाहेरच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. नर्स मला विचारत होती, कसली पेटी.

आईनं टॅब खाली घेतला. ती त्यांच्या समोरच उभी होती. ती काहीतरी म्हणाली, पण ओरडायचं विसरून. इतक्या हळू आवाजात की मलाच नीट ऐकू आलं नाही, आणि तो आवाज क्षणभर मी ओळखलाही नाही.

"काय म्हणाली?" दादांनी मला विचारलं.

पाटी घरीच राहिली होती. मी माझ्या उजव्या कानाला बोट लावलं आणि हातानंच खूण केली, थोडं थांबा.